सर हंफ्री डेव्ही

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल परगण्यात पेन्झान्स नावाचे बंदर आहे. तेथे १७ डिसेंबर १७७८ रोजी हंफ्री डेव्हीचा जन्म झाला. त्याचे वडील लाकडावर कोरीवकाम करीत. १७९४ साली ते वारले. घरावर कर्जाचा बोजा होता आणि हंफ्रीच्या पाठीवर चार धाकटी भावंडे होती. तेव्हा त्याने गावातील एका शल्यवैद्याकडे उमेदवारी पत्करली. औषधे खलता खलता त्याला रसायनशास्त्राचा छंद जडला. लव्हाझिए या थोर फ्रेंच शास्त्रज्ञाचा ग्रंथ त्याने मन लावून वाचला आणि त्यातील प्रत्येक गोष्ट स्वतःच्या प्रयोगाने पडताळून पाहण्याचा ध्यास घेतला.

१७९८ साली तो ब्रिस्टल येथे वायूंचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत गेला. तेथे नायट्रस ऑक्साइड हा वायू त्याने स्वतः हुंगून पाहिला. या वायूने वेदना कमी होतात, म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचा उपयोग होऊ शकेल, असे त्याने १८०० साली लिहून ठेवले. परंतु पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. १८०१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याची नेमणूक झाली. त्याची सप्रयोग व्याख्याने ऐकण्यास लोकांची झुंबड उडू लागली.

तांबडा लिटमस कागद निळा करणारे, हाताला बुळबुळीत लागणारे पदार्थ म्हणजे अल्क, हे तुम्हांस ठाऊक आहेच. कॉस्टिक पोटॅश आणि कॉस्टिक सोडा हे दोन अल्क त्या काळीही सर्वांच्या परिचयाचे होते. पण ते कशाचे बनले आहेत हे कोणालाच सांगता येत नव्हते. उष्णता देऊन त्यांचे विघटन होत नसे. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १८०० साली विद्युत्‌घटमाला प्रसिद्ध केली होती. जे अग्नीला साधले नाही ते विजेला साधेल, असे डेव्हीच्या मनाने घेतले.

त्याने प्रथम पोटॅश पाण्यात विरघळवून त्यातून विद्युत्‌प्रवाह सोडला. परंतु पाण्याचेच विघटन झाले, पोटॅश तसेच राहिले. मग त्याने कोरडे पोटॅश घेतले, तर त्यातून प्रवाहच वाहीना. अखेर ऑक्टोबर १८०७ मध्ये त्याने पोटॅशचा खडा थोडा वेळ हवेत ठेवला. हवेतील ओल शोषून त्याचा पृष्ठभाग किंचित दमट झाला. आता प्रवाह वाहू लागला, खडा वितळला आणि पाऱ्यासारखे चकचकीत थेंब दिसू लागले. त्यांतील काही तर लगेच पेट घेऊन फुटले. डेव्ही आनंदाने प्रयोगशाळेत नाचू लागला! तो नवा धातू म्हणजे पोटॅशियम होय. थोड्याच दिवसांत त्याने कॉस्टिक सोड्यापासून सोडियम वेगळा केला आणि १८०८ साली चुन्यातून कॅल्शियम मिळविला.

पोटॅशियमचा कण पाण्यावर टाकला की तो सरसर धावतो, हायड्रोजन वायू निघतो आणि जांभळट ज्योत उठते. पाण्यात मात्र अल्क तयार होतो. पोटॅशियम वेगळा काढण्यासाठी विजेच्या रूपाने ऊर्जा खर्च करावी लागली होती. तो पुन्हा संयोग पावताना उष्णता व प्रकाश यांच्या रूपाने ऊर्जा बाहेर पडते. रासायनिक क्रियेत पदार्थ बदलतात, तशी ऊर्जेचीही देवघेव होते, ती अशी.

प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, असे लव्हाझिएचे मत होते. ऑक्सिजन या नावाचा अर्थही आम्ल निर्माण करणारा असाच आहे. ज्याच्या ग्रंथाने आपणांस शास्त्राची गोडी लावली, त्याचे मत खोडून काढणे डेव्हीला सोपे नव्हते. परंतु मिठापासून मिळणाऱ्या आम्लात त्याला कितीही शोधून ऑक्सिजन सापडला नाही. सापडले ते हायड्रोजन आणि एक हिरवट पिवळा वायू. हा वायू मूलद्रव्य आहे, असे १८१० साली जाहीर करून त्याने त्याला क्लोरीन हे नाव दिले. प्रयोगाने दिलेली साक्ष त्याने गुरूच्या शब्दाहून मोठी मानली.

१८१२ साली फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ९२ माणसे व मुले मृत्युमुखी पडली. खाणीतील ज्वालाग्राही वायू कामगारांच्या दिव्यांनी पेट घेत असे. १८१५ साली डेव्हीने दिव्याच्या ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसविली. जाळी ज्योतीची उष्णता शोषून पसरवते, त्यामुळे बाहेरचा वायू पेटण्याइतका तापत नाही. त्याच सुमारास जॉर्ज स्टीफन्सन यानेही स्वतंत्रपणे निराळा सुरक्षित दिवा तयार केला होता. डेव्हीने आपल्या दिव्याचे एकस्व घेतले नाही. खाणकामगारांचे प्राण वाचावेत, एवढीच त्याची इच्छा होती.

डेव्हीच्या अंगी दोषही होते. पुस्तकबांधणीचे काम करणाऱ्या मायकेल फॅरेडेला त्यानेच १८१३ साली आपला साहाय्यक नेमून विज्ञानाचे दार उघडून दिले. पण तोच फॅरेडे कीर्ती मिळवू लागला, तेव्हा १८२४ साली रॉयल सोसायटीचा अध्यक्ष असलेल्या डेव्हीने त्याच्या निवडीला विरोध केला. तरीही फॅरेडे निवडून आला आणि त्याने डेव्हीविषयीचा आदर कधी सोडला नाही.

२९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे, वयाच्या पन्नासाव्या वर्षी डेव्हीचे निधन झाले. थोर ग्रंथातील वचनही पडताळून पाहावे आणि मिळालेले ज्ञान कष्टकऱ्यांच्या कामी आणावे, हा धडा त्याच्या चरित्रातून आपणांस मिळतो.