कामगाराची ओळख कौशल्यावरून व्हावी म्हणून : मजूरमंत्री बाबासाहेब

शिक्षण संपले की रोजगार विनिमय केंद्रात जाऊन नाव घालायचे, नोंदणीचे कार्ड जपून ठेवायचे आणि मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करायचे, हा परिपाठ गोव्यासह देशभरातील अनेक पिढ्यांनी पाळला. मालकाला हवा तसा कामगार आणि कामगाराला साजेसे काम मिळवून देणारी ही विनामूल्य सरकारी सेवा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत देशात आकाराला आली. त्या काळात केंद्राच्या मजूर खात्याची धुरा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होती. घटनेचे शिल्पकार आणि दलितांचे मुक्तिदाते या थोर ओळखींच्या तेजात त्यांची मजूरमंत्रिपदाची चार वर्षे काहीशी झाकोळली गेली आहेत. मात्र माणसाला कोणते काम द्यायचे हे कशावरून ठरवावे, हा प्रश्न जन्मापासूनच त्यांच्या वाट्याला आला होता.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी इंदूरजवळच्या महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत अध्यापन करीत. महार समाजाने मुंबई इलाख्याच्या सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली होती. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंग्रजांनी लढाऊ आणि बिगरलढाऊ जमाती असा भेद करून महारांची सैन्यभरती बंद केली. शौर्य, शिस्त किंवा पूर्वीची कामगिरी यांपैकी कशाचीही त्या निर्णयात गणना झाली नाही. सरकारी दप्तरातील एका चुकीच्या वर्गवारीने एका संपूर्ण समाजाचा हक्काचा रोजगार हिरावून घेतला. सुभेदाराच्या घरात वाढणाऱ्या मुलाने हे वास्तव बालपणापासून पाहिले.

पुढे वडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये बाबासाहेब अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार त्यांनी केला होता. त्याप्रमाणे १९१७ मध्ये ते वडोद्यात रुजू झाले. पद मिळाले, पण कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरूनच टाकीत. शहरात त्यांना भाड्याने जागा मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी वसतिगृहात राहिले. ते उघडकीस येताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून निघून जाण्यास भाग पाडले. कामाठी बागेत झाडाखाली बसून त्या दिवशी त्यांनी अश्रू ढाळले आणि ते मुंबईस परतले. योग्य माणसाची नेमणूक झाली, तरी त्याला काम करू देणारी व्यवस्था नसेल तर ती नेमणूक व्यर्थ ठरते, हा धडा त्यांनी स्वतःच्या अनुभवातून घेतला.

मुंबईत त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविले, लंडनला जाऊन उच्च पदव्या आणि बॅरिस्टरची सनद मिळविली. त्यानंतर गिरणगावातील कामगारांचे जीवन त्यांना जवळून पाहावयास मिळाले. त्या काळी गिरण्यांतील भरती बव्हंशी जॉबरच्या हाती असे. त्याला दस्तुरी द्यावी, त्याच्या मर्जीत राहावे, तेव्हा कोठे काम मिळे. अस्पृश्य कामगारांना तर अधिक पगाराच्या विणकाम खात्याची दारे बंदच होती. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते आणि त्यामुळे विटाळ होतो, असे कारण सांगितले जाई. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा अन्याय संघटनेच्या पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला आणि विणकाम खाते सर्वांना खुले करण्याची मागणी लावून धरली. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. जातिव्यवस्था कामांची वाटणी करीत असल्याचा युक्तिवाद त्यांनी त्याच वर्षी खोडून काढला. ती श्रम करणाऱ्या माणसांनाच वेगवेगळ्या कप्प्यांत कोंडते, आवड आणि कुवत यांचा विचार न करता जन्माआधीच त्यांचा धंदा ठरविते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून त्यांनी सूत्रे स्वीकारली. युद्ध ऐन भरात होते. दारूगोळ्याचे कारखाने, रेल्वे आणि गोद्या यांना कुशल हातांची तातडीने गरज होती. तंत्रज्ञांना अत्यावश्यक उद्योगांकडे वळविण्यासाठी १९४० मध्येच वटहुकूम निघाला होता आणि त्यासाठी न्यायाधिकरणे नेमली गेली होती. तरुणांना तांत्रिक प्रशिक्षण देण्याची योजनाही चालू होती. परंतु युद्धकाळाची सक्ती कायमची उपयोगी पडणारी नव्हती. सूत्रे हाती घेतल्यानंतर पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट १९४२ मध्ये, दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी एकत्र आले. या त्रिपक्षीय चर्चेला तेथून स्थायी स्वरूप मिळाले.

सरकारने विनामूल्य रोजगार केंद्रे चालवावीत, हा आंतरराष्ट्रीय करार १९१९ चा. भारताने तो १९२१ मध्ये स्वीकारला होता, पण १९३८ मध्ये त्यातून अंग काढून घेतले. युद्धाच्या निकडीमुळे ती कल्पना पुन्हा पुढे आली आणि बाबासाहेबांच्या खात्याने कुशल व अर्धकुशल कामगारांसाठी प्रमुख औद्योगिक शहरांत रोजगार विनिमय केंद्रे उघडली. त्यांची कार्यपद्धती साधी होती. मालकाने रिक्त जागा कळवायची, कामगाराने आपला व्यवसाय आणि अनुभव नोंदवायचा, आणि केंद्राने दोन्ही नोंदी ताडून योग्य उमेदवार पाठवायचा. फिटर, टर्नर, सुतार अशी कामगाराची नोंद त्याच्या हातातील कसबावरून होई. जॉबरची दस्तुरी तेथे लागत नसे.

केवळ केंद्रे उघडून शतकांचा अन्याय मिटणार नाही, याचीही बाबासाहेबांना जाणीव होती. म्हणून १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी सव्वाआठ टक्क्यांहून किंचित अधिक जागा राखून ठेवण्याचा निर्णय त्यांनी सरकारकडून मिळविला. कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी १९४४ मध्ये रेगे समिती नेमली गेली. एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात मांडले. त्याच वर्षी कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला.

या कारकिर्दीत एक कटू प्रसंगही होता. कोळशाच्या टंचाईमुळे १९४३ मध्ये स्त्रियांच्या भूमिगत कामावरील बंदी सरकारने उठविली. त्यावर देशात आणि परदेशांतही टीका झाली. विधिमंडळात या निर्णयाचे समर्थन करण्याची जबाबदारी बाबासाहेबांवर आली. पुरुषांइतकीच मजुरी स्त्रियांना मिळेल, ही अट त्यांनी तेथे आवर्जून सांगितली. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा क्षेत्रात जाऊन ते स्वतः खाणीत उतरले. फेब्रुवारी १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली.

जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. सैन्यातून मोकळ्या झालेल्या जवानांना नागरी जीवनात काम मिळवून देणे हे त्याचे पहिले कार्य होते. ज्यांच्या समाजाला जन्मावरून सैन्यभरती नाकारली गेली, त्या सुभेदाराच्या मुलाच्या खात्याकडे सैनिकांच्या रोजगाराची व्यवस्था यावी, हा इतिहासाचा विलक्षण योग होय. १९४६ च्या मध्यास बाबासाहेब या पदावरून मुक्त झाले. फाळणीनंतर याच केंद्रांनी निर्वासितांना आधार दिला आणि १९४८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे सोपविण्यात आला. पुढच्याच महिन्यात, ६ डिसेंबर रोजी, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यानंतर १९५८ मध्ये व्यवसायांचे राष्ट्रीय वर्गीकरण प्रसिद्ध झाले आणि १९५९ च्या कायद्याने विशिष्ट आस्थापनांना रिक्त जागा कळविणे बंधनकारक केले. १९६१ मध्ये मुक्त झालेला गोवाही पुढे या व्यवस्थेत सामील झाला. आज नोंदणी संगणकावर होते. नोंदी पुष्कळ, जागा मात्र थोड्या, अशी तक्रारही नेहमीची आहे. तरीही वर्गवारीचे महत्त्व तसूभर कमी झालेले नाही. किमान वेतनाचे दर अकुशल, अर्धकुशल आणि कुशल या श्रेणींनुसार ठरतात. वेल्डिंग करणाऱ्याचे नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावर मदतनीस म्हणून लागले, तर त्याची दररोजची कमाई तेथेच घटते. हजेरीपटावरील तो एक शब्द खरा असावा, एवढी दक्षता मालकाने, कामगाराने आणि सरकारी कचेरीने घेतली, तरी मजूरमंत्री बाबासाहेबांच्या कार्याचे ते उचित स्मरण ठरेल.