डॉ. आनंदीबाई जोशी व त्यांच्या सहाध्यायिनी

डॉ. आनंदीबाई जोशी यांचें धैर्य सर्वश्रुत आहे. परंतु परदेशीं त्यांस आधार कोणीं दिला, हें थोड्यांसच ठाऊक असतें. तेंच येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्यांचा जन्म १८६५ सालीं झाला. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांतच दगावलें आणि वैद्यक शिकण्याची ओढ त्यांच्या मनांत रुजली. पति गोपाळराव टपालखात्यांत असल्यानें कांहीं काळ त्या आपल्या पेण-रोह्यानजीकच्या अलिबागेसही होत्या.

१८८३ च्या एप्रिलांत आप्तांपैकीं कोणी सोबत नसतां त्या कलकत्त्याहून निघाल्या. अमेरिकेंत कार्पेंटरबाईंनीं केवळ पत्रांच्या ओळखीवर त्यांस घरीं उतरवून घेतलें. पुढें फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांचा प्रवेश झाला. याच संस्थेंतून १८६७ सालीं रेबेका कोल ही कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टर झाली होती. आनंदीबाईंच्या वेळीं जपानच्या केइको ओकामी व सिरियाच्या सबात इस्लामबूली तेथें शिकत होत्या. १८८५ सालीं तिघींनीं आपापल्या देशाच्या पोशाखांत एकत्र छायाचित्र काढविलें. आनंदीबाईंनीं स्वधर्म सोडला नाहीं. तरीही कार्पेंटरबाईंची माया उणावली नाहीं.

१८८६ च्या मार्चांत त्यांस पदवी मिळाली. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमींत ठेवण्यांत आली.

नव्या वर्षीं खेड्यांतून एखादें बुजरें मूल आपल्या वर्गांत येईल. विद्यार्थ्यांनीं त्यास आपल्या बाकावर जागा द्यावी व पालकांनीं त्यास घरीं बोलवावें, एवढीच आमची विनंती आहे.