मुक्या सृष्टीचा साक्षी : फादर आर्मां दावीद

धर्मग्रामाच्या ज्युबिलीसारख्या मंगल प्रसंगी संतांची आणि धर्मवीरांची चरित्रे वाचण्याची आपली चाल जुनी आहे. आज मात्र आम्ही वाचकांपुढे अशा एका धर्मगुरूंचे चरित्र ठेवीत आहोत, की ज्यांनी धर्मासाठी रक्त सांडले नाही, किंवा ज्यांची गणना संतांतही झाली नाही; परंतु ज्यांना स्वतःची वाचा नाही अशा रानातील जिवांच्या वतीने त्यांनी साक्ष दिली. ती साक्ष देण्याचे धैर्य त्यांना कोठून लाभले, हेच या चरित्रातून आपण शिकावयाचे आहे.

फादर आर्मां दावीद यांचा जन्म ७ सप्टेंबर १८२६ रोजी फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्य टोकास, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या एस्पलेत या बास्क लोकांच्या गावी झाला. वडील वैद्यकीचा व्यवसाय करीत. डोंगर, ओढे, झाडपाला आणि पाखरे यांच्या संगतीत बाळपण गेल्यामुळे निर्माणकर्त्याची ओळख त्यांना त्याच्या निर्मितीतूनच प्रथम झाली असावी, असे मानण्यास हरकत नाही. १८४८ साली त्यांनी संत व्हिन्सेंट दे पॉल यांच्या मिशन संघात प्रवेश केला. चीन देशी जाऊन सुवार्ता सांगावी ही त्यांची उत्कट इच्छा; परंतु वरिष्ठांनी त्यांस इटलीतील साव्होना या गावी शास्त्रविषय शिकविण्यासाठी धाडले. तेथे सुमारे दहा वर्षे त्यांनी निमूटपणे आज्ञापालन केले. अखेर १८६२ साली त्यांची पेकिंग शहरी नेमणूक झाली. त्यांनी गोळा केलेले प्राणी व वनस्पती पाहून पॅरिसच्या संग्रहालयातील पंडित इतके प्रभावित झाले, की त्यांस संशोधनासाठी मोकळीक द्यावी अशी विनंती त्यांनी वरिष्ठांकडे केली.

पेकिंगच्या दक्षिणेस बादशहाचे शिकारीचे एक विस्तीर्ण उपवन होते. भोवती उंच तट, दारांवर पहारा, आणि परक्यास आत जाण्यास सक्त मनाई. १८६५ साली आमच्या चरित्रनायकांनी त्या तटावरून आत डोकावून पाहिले, तो दूरवर शंभराहून अधिक हरणांचा कळप चरत असलेला त्यांच्या दृष्टीस पडला. चिनी लोक या हरणाविषयी मोठ्या गमतीने सांगत, की याचे खूर गाईचे, मान उंटाची, शिंगे हरणाची आणि शेपटी गाढवाची. तरी हा यांपैकी कोणीच नव्हे! मिलू नावाचे हे हरीण रानावनातून केव्हाच नाहीसे झाले होते. चीन देशात त्या तटाच्या आत तेवढे ते उरले होते. पुढील वर्षी फादरांनी त्याची कातडी पॅरिसला पाठविली आणि शास्त्रज्ञांनी त्या जातीस दावीद यांचेच नाव दिले.

यानंतर त्यांनी तीन दीर्घ प्रवास केले. पहिला १८६६ साली मंगोलियाकडे. दुसरा १८६८ ते १८७० या काळात यांगत्से नदीच्या मार्गाने सिचुआनच्या पश्चिमेकडील पर्वतांत. आणि तिसरा १८७२ ते १८७४ या काळात. दुसऱ्या प्रवासात, ११ मार्च १८६९ रोजी, मूपिंग खोऱ्यातील एका जमीनदाराच्या घरी पाहुणचार घेत असता त्यांनी एका काळ्यापांढऱ्या अस्वलाचे कातडे पाहिले. आज ज्यास सारे जग पांडा म्हणून ओळखते, तोच हा प्राणी. थोड्याच दिवसांत शिकाऱ्यांनी त्यांस एक पिलू आणून विकले. ते जिवंत धरलेले होते. पण वाहून आणण्यास सोपे जावे म्हणून वाटेतच ठार केलेले!

येथे आम्ही एक गोष्ट वाचकांपासून लपवू इच्छीत नाही. शास्त्राच्या सेवेसाठी फादर दावीद स्वतःही प्राणी मारीत आणि मारवून घेत. त्या काळी संशोधनाची रीतच तशी होती. त्यांना निष्कलंक ठरविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्या डोळ्यांनी त्यांनी हे प्राणी मोजले, त्याच डोळ्यांना त्यांचा अंत जवळ आलेला दिसला आणि ते दुःख त्यांनी मनात कोंडून ठेवले नाही. डोंगरच्या डोंगर उघडे पडत होते. शेकडो वर्षांचे वृक्ष कुऱ्हाडीखाली जात होते. मोठे झाड पडले, की त्याच्या आश्रयाने जगणारी झुडपे, पाखरे आणि श्वापदे हीही नाहीशी होतात, हे त्यांनी आपल्या रोजनिशीत कळकळीने नमूद केले. मनुष्याच्या पोटास उपयोगी तेवढेच धान्य आणि तेवढीच जनावरे शिल्लक ठेवून परमेश्वराची बाकीची निर्मिती आपण पुसून टाकणार काय, अशी त्यांची खंत होती. या बोलण्यात त्यांचा काडीचाही स्वार्थ नव्हता. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीच्या रक्षणाविषयी जी शिकवण दिली, तिच्या शंभराहून अधिक वर्षे आधी एक साधा मिशनरी हे दुःख एकट्याने लिहीत बसला होता.

तिसऱ्या प्रवासात आजाराने त्यांचे शरीर खचले आणि १८७४ साली ते मायदेशी परतले. १० नोव्हेंबर १९०० रोजी पॅरिस येथे त्यांनी देह ठेवला. दैवाचा योग असा, की त्यांच्या हरणांचाही चीनमधील शेवट त्याच वर्षी झाला. काही वर्षांपूर्वी महापुराने उपवनाचा तट फुटला होता; बाहेर पडलेली हरणे भुकेल्या लोकांनी मारून खाल्ली. उरलीसुरली १९०० सालच्या बंडाळीत परकीय सैनिकांच्या हातून संपली.

मग ती साक्ष व्यर्थ गेली काय? नाही. फादरांमुळे या हरणाची कीर्ती युरोपात पोहोचली होती, म्हणूनच त्यातील काही तेथील प्राणिसंग्रहालयांत आली होती. इंग्लंडातील बेडफर्डचे ड्यूक हर्ब्रँड रसेल यांनी त्यांपैकी अठरा हरणे आपल्या वोबर्न येथील उद्यानात एकत्र केली आणि त्यांचा वंश जगविला. १९८५ साली त्यांचे वंशज पेकिंगच्या त्याच उपवनाच्या जागी परत नेण्यात आले. आज चीनमध्ये ही हरणे हजारोंच्या संख्येने आहेत. पांडाच्या कीर्तीने आधी बंदूकधारी शिकारी आकर्षिले, हेही खरे. परंतु पुढे त्यासाठी अभयारण्ये राखली गेली, आणि २०१६ साली जागतिक यादीत त्याची स्थिती पूर्वीहून एक पायरी सुधारल्याचे नोंदले गेले. एकट्या फादरांनी हे सारे केले असे नव्हे. पण ज्याचे नावच कोणास ठाऊक नाही, त्याच्या रक्षणास धावणार तरी कोण?

प्रिय धर्मबंधूंनो आणि भगिनींनो, आपणांपैकी फार थोड्यांना चीनच्या पर्वतांत जाण्याचा योग येईल. परंतु तटावरून डोकावून पाहणे आणि पाहिलेले सांगणे हे प्रत्येकास शक्य आहे. आपल्या बाळपणी अंगणात येणारी कोणती पाखरे आता येत नाहीत, कोणत्या तळ्याकाठचे बगळे उठून गेले, कोणती झाडे तोडली गेली, हे वडीलधाऱ्यांनी मुलांना नावानिशी सांगावे. आणि पुन्हा कुऱ्हाड उगारली जाईल तेव्हा चारचौघांत उभे राहून बोलावे. कोणी ऐको वा न ऐको, साक्षीदाराचे काम साक्ष देण्याचे. तिचे फळ पाहणे फादर दावीद यांच्याही नशिबी नव्हते. ते देवाने आपल्या वेळी दिले.