विश्लेषण : इंधनाच्या नळीचा मार्ग बदलला आणि… गायक जॉन डेन्व्हर यांचे विमान का कोसळले?

‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ या गाण्यामुळे जगभर पोहोचलेले अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर यांचा १२ ऑक्टोबर १९९७ रोजी विमान अपघातात मृत्यू झाला. विमान ते स्वतःच चालवत होते. ते कारखान्यात नव्हे, तर एका हौशी कारागिराने बांधलेले होते. बांधणीच्या वेळी घेतलेला एक निर्णय अपघाताच्या कारणांपैकी एक ठरला.

डेन्व्हर यांना विमानाचे वेड कसे लागले?

त्यांचे मूळ नाव हेन्री जॉन ड्युशेनडॉर्फ. जन्म ३१ डिसेंबर १९४३ रोजी न्यू मेक्सिकोतील रॉझवेल येथे झाला. वडील हवाई दलात वैमानिक होते आणि बी-५८ या बॉम्बफेकी विमानावर त्यांनी वेगाचे विक्रम केले होते. सततच्या बदल्यांमुळे जॉन यांचे बालपण फिरतीवर गेले; सोबत होती ती आजीने दिलेली गिटार. वास्तुरचनेचे शिक्षण अर्धवट सोडून ते गाण्याकडे वळले. १९७०च्या दशकात ते अमेरिकेतील सर्वाधिक लोकप्रिय गायकांपैकी एक होते. पुढे वडिलांनीच त्यांना विमान चालवायला शिकवले. त्यांच्याकडे २,७०० तासांहून अधिक उड्डाणांचा अनुभव होता.

घरी बांधलेले विमान म्हणजे काय?

अमेरिकेत हौशी व्यक्तीला विमान बांधता येते. मात्र निम्म्याहून अधिक काम हौसेने आणि शिकण्यासाठी स्वतः केलेले असावे लागते. डेन्व्हर यांचे ‘लाँग-ईझेड’ हे बर्ट रुटान यांनी आरेखित केलेले दोन आसनी विमान होते. त्याचे इंजिन मागे असते. त्यामुळे विजेच्या तारा, नियंत्रणाच्या केबल आणि इंधनाच्या नळ्या अरुंद सांगाड्यातून न्याव्या लागतात. कोणती तार, कोणती नळी कुठून न्यायची, हे शेवटी बांधणारा ठरवतो.

मार्ग का बदलला?

विमानाला डावी आणि उजवी अशा दोन इंधन टाक्या होत्या. टाकी बदलण्याचा व्हॉल्व्ह म्हणजे दुचाकीच्या पेट्रोल कॉकसारखाच प्रकार. रुटान यांच्या आराखड्यात तो वैमानिकाच्या दोन्ही पायांच्या मध्ये, हाताशी होता. बांधणाऱ्याला मात्र इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये नको होत्या. हेतू सुरक्षिततेचाच होता. त्याने व्हॉल्व्ह मागे, वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला. तिथे हात पोहोचवायचा तर उजव्या हातातील नियंत्रण दांडा सोडून संपूर्ण अंग वळवावे लागे.

त्या दिवशी काय घडले?

विमान नुकतेच विकत घेतले होते. व्हॉल्व्हपर्यंत हात नीट पोहोचत नाही, हे उड्डाणापूर्वीच लक्षात आले. पकड लावून दांडी लांबवण्याचा प्रयत्नही फसला. उड्डाणात टाकी बदलावी लागली तर ऑटोपायलट लावू, असे ठरले. मागे असलेले इंधनाचे मापक दिसावेत म्हणून तंत्रज्ञाने आरसा दिला. उड्डाण तासाभराचेच असल्याने डेन्व्हर यांनी इंधन भरणे टाळले. सायंकाळी साडेपाचच्या सुमारास कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्ह येथे किनाऱ्याजवळ विमान समुद्रात कोसळले. ते ५३ वर्षांचे होते.

चौकशीत काय आढळले?

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या निष्कर्षानुसार, व्हॉल्व्ह फिरवताना डेन्व्हर यांचे लक्ष विचलित झाले आणि उजव्या रडर पेडलवर नकळत दाब पडला. मागे वळताना माणूस आधारासाठी पाय रोवतोच. विमान हातून गेले. इंधन न भरणे, या प्रकारच्या विमानाचे अपुरे प्रशिक्षण, व्हॉल्व्हची अवघड जागा, तसेच व्हॉल्व्ह व मापकांवर खुणा नसणे, हे घटकही मंडळाने नोंदवले. मद्यसेवनाच्या प्रकरणांमुळे त्यांच्याकडे वैध वैद्यकीय प्रमाणपत्र नव्हते. पण अपघातावेळी शरीरात मद्य आढळले नाही.

धडा कोणता?

तार असो वा नळी, ती गळू नये, घासू नये, तापू नये, एवढाच विचार पुरेसा नाही. तिच्या टोकाला असलेली कळ वा व्हॉल्व्ह पट्टा बांधून बसलेल्या माणसाच्या हाताशी येतो का, हेही तपासावे लागते. इथे एक धोका टाळताना दुसरा वैमानिकाच्या पाठीमागे जाऊन बसला. जमिनीवर ती गैरसोय होती. इंजिन अडखळल्यावर ती जीवघेणी ठरली.