विश्लेषण : विरजणात दीर्घायुष्य शोधणारे मेचनिकोव्ह कोण होते? घरचे दही ‘प्रोबायोटिक’ असते का?

बाजारातील प्रोबायोटिक कॅप्सूल फोडून कोमट दुधात मिसळायची, रात्रभर भांडे उबेत ठेवायचे आणि सकाळी घरचे प्रोबायोटिक दही तयार, अशी कृती समाजमाध्यमांवर लोकप्रिय आहे. या कल्पनेचे मूळ शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका शास्त्रज्ञाच्या रोजच्या आहारात सापडते. नोबेल विजेते इल्या मेचनिकोव्ह यांचे कोणते म्हणणे टिकले, कोणते टिकले नाही आणि त्याचा आपल्या विरजणाशी काय संबंध, याविषयी...

मेचनिकोव्ह कोण होते?

इल्या मेचनिकोव्ह यांचा जन्म मे १८४५ मध्ये, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील आणि आजच्या युक्रेनमधील खार्किवजवळ झाला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत संपवला. पुढे जर्मनी आणि इटलीत समुद्री जीवांच्या भ्रूणांचा अभ्यास करून ते ओडेसा विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवू लागले. घरी मात्र दु:ख होते. पहिली पत्नी ल्युडमिला हिला लग्नाआधीपासून क्षय होता. १८७३ मध्ये ती गेली आणि खचलेल्या मेचनिकोव्ह यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. १८७५ मध्ये त्यांचा ओल्गा यांच्याशी विवाह झाला. १८८० च्या सुमारास ओल्गा विषमज्वराने गंभीर आजारी पडल्या. त्याच काळात मेचनिकोव्ह यांनी एका तापाच्या रुग्णाचे रक्त स्वत:ला टोचून घेतले. त्यातून ते कसेबसे वाचले. म्हातारपण आणि मृत्यू यांचा पुढे त्यांनी इतका ध्यास का घेतला, हे या पार्श्वभूमीवर समजते.

नोबेल कशासाठी मिळाले?

दह्यासाठी नव्हे. राजकीय ओढाताणीला कंटाळून त्यांनी १८८२ मध्ये ओडेसातील नोकरी सोडली आणि कुटुंबासह इटलीतील मेसिना गाठले. तेथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यांनी बागेतील गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर अळीतील फिरत्या पेशींनी काट्यांना घेरले होते. शरीरातील काही पेशी परक्या वस्तूंवर आणि जंतूंवर चाल करून त्यांना गिळतात, हा भक्षक पेशींचा सिद्धांत त्यातून उभा राहिला. रोगप्रतिकारशक्तीच्या शास्त्राचा तो एक पाया ठरला. १९०८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना पॉल एर्लिक यांच्यासह मिळाले.

१८८८ पासून ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होते. ओडेसातील त्यांचे विद्यार्थी वाल्देमार हाफकिन हेही तेथे आले. याच हाफकिन यांनी पुढे मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वत:ला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

दह्याकडे ते कसे वळले?

मोठ्या आतड्यातील काही जिवाणू अन्न कुजवतात, त्यातून विषारी द्रव्ये रक्तात जातात आणि माणूस अकाली म्हातारा होतो, असे मेचनिकोव्ह यांचे अनुमान होते. दूध आंबले की ते सहसा कुजत नाही, हे घरोघरी माहीत होते. दुधातील साखरेपासून जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात कुजवणारे जिवाणू तग धरत नाहीत. हेच आतड्यात घडवता आले तर, असा त्यांचा विचार होता. बल्गेरियातील आंबवलेले दूध खाणारे शेतकरी दीर्घायुषी असतात, या माहितीने त्याला बळ मिळाले. १९०५ मध्ये जिनिव्हात शिकणाऱ्या स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने त्या दह्यातील काडीसारखा जिवाणू ओळखला. तोच आजचा लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस.

१९०४ मध्ये म्हातारपणावर मेचनिकोव्ह यांचे पॅरिसमध्ये व्याख्यान झाले. वृत्तपत्रांनी ते उचलून धरले आणि आंबट दुधाला एकाएकी मागणी आली. त्यांच्या नावाचा आधार घेऊन गोळ्या आणि पावडरी विकल्या जाऊ लागल्या. दुधातील जिवाणू म्हणजे दीर्घायुष्याचे अमृत नव्हे, याचा निकाल भविष्यातच लागेल, असा खुलासा त्यांना लेखी करावा लागला. जाहिरातींच्या गलबल्यात तो फारसा कोणी ऐकला नाही.

त्यांची कृती काय होती?

आपल्या विरजणापेक्षा ती फार वेगळी नव्हती. मलई काढलेले दूध उकळायचे, निववायचे आणि त्यात जिवाणू घालून उबेत ठेवायचे. फरक एकच होता. आदल्या दिवशीच्या दह्याऐवजी ते प्रयोगशाळेत वेगळा काढलेला, ओळख पटलेला शुद्ध जिवाणू वापरत. कच्च्या दुधातून क्षयाचे जंतू येऊ शकतात आणि जुन्या विरजणात नको ते जिवाणू असू शकतात, हे त्यांना ठाऊक होते. असे दूध ते स्वत: अनेक वर्षे घेत होते.

कोणते म्हणणे टिकले?

बल्गेरिकस आतड्यात मुक्काम करत नाही, हे १९२० च्या दशकात अमेरिकेतील येल विद्यापीठातील संशोधनाने दाखवले. दह्याने वार्धक्य थांबते, हेही सिद्ध झाले नाही. मात्र आतड्यातील जिवाणू आरोग्यावर परिणाम करतात आणि आहारातून त्यांच्यात बदल घडवता येतो, ही मूळ कल्पना टिकली. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये निवडलेला जिवाणू आणि आजचे प्रोबायोटिक्सचे संशोधन हे त्याच वाटेवरचे टप्पे आहेत.

मग घरचे दही प्रोबायोटिक का नाही?

जागतिक आरोग्य संघटना तसेच अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, पुरेशा संख्येने घेतल्यास आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. भारतात २०११ च्या आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार जिवाणूचा नेमका वाण ओळखणे आणि त्याची परिणामकारकता दाखवणे आवश्यक आहे. घरच्या विरजणात कोणते वाण किती आहेत, हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून दही पौष्टिक आणि पचायला हलके असले, तरी शास्त्रीय अर्थाने त्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही.

कॅप्सूलचे विरजण लावल्यानेही हा प्रश्न सुटत नाही. बल्गेरिकस आणि त्याचा जोडीदार स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हे ४० ते ४५ अंश सेल्सिअसला दुधात झपाट्याने वाढतात. कॅप्सूलमधील अनेक वाणांचे तसे नाही. काहींना दुधातील साखर पचवता येत नाही, तर बिफिडोबॅक्टेरियांना प्राणवायू सोसत नाही. दूध लवकर आंबट झाले नाही, तर त्या उबेत भलतेच जिवाणू वाढण्याची संधी मिळते. दही लागले म्हणजे कॅप्सूलमधलाच जिवाणू वाढला, असेही नाही.

घरी काय काळजी घ्यावी?

दूध नीट उकळावे. त्याने जंतू मरतात आणि दही घट्टही लागते. बोट सोसवेल इतके कोमट झाल्यावर ताजे विरजण लावावे. भांडे आणि चमचा स्वच्छ हवा. दही लागताच ते फ्रिजमध्ये ठेवावे. बुरशी, गुलाबी वा नारिंगी डाग किंवा विचित्र वास आल्यास सगळेच फेकावे, वरचा थर काढून खाऊ नये. कर्करोगाचे उपचार सुरू असलेले, प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण आणि तान्ही बाळे यांच्यासाठी कॅप्सूलचे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

मेचनिकोव्ह यांचा शेवट कसा झाला?

पहिले महायुद्ध सुरू असताना १५ जुलै १९१६ रोजी हृदयविकाराने पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. ते ७१ वर्षांचे होते. त्यांना अपेक्षित असलेल्या दीर्घायुष्यापेक्षा हे बरेच कमी होते. मृत्यूनंतर शवविच्छेदन करून आतडी नीट तपासावीत, असे त्यांनी सहकाऱ्याला बजावले होते. आपले अनुमान स्वत:च्या शरीरावरही तपासले जावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या नावावर दही विकणाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट मागे सोडली. त्यांच्या अस्थी आजही पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात आहेत.