शिक्षक ते कामगारनेते : ना. म. जोशी

मुंबईच्या गिरणगावातील जुना डिलाइल रोड आज ना. म. जोशी मार्ग म्हणून ओळखला जातो. एके काळी या परिसरात गिरण्यांचे भोंगे वाजत आणि चाळींतून कामगारांचे लोंढे बाहेर पडत. आज गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. रस्त्याचे नाव मात्र टिकून आहे. ज्या गृहस्थाचे हे नाव, त्याने आपल्या आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे श्रमिकांच्या सेवेत वेचली.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म 5 जून 1879 रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून 1901 साली ते पदवीधर झाले आणि त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. सुमारे आठ वर्षे त्यांनी अध्यापन केले. त्या काळी पदवीधराला सरकारी नोकरीची आणि सुखवस्तू जीवनाची वाट मोकळी होती. जोशी यांनी ती सोडली आणि 1909 साली ते नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. अल्प वेतनावर आजन्म देशसेवा करण्याचे व्रत या संस्थेचे सदस्य घेत असत.

मुंबईत आल्यावर त्यांच्या दृष्टीस पडली ती गिरणी कामगारांची वस्ती. एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी कुटुंबे, सावकाराचे व्याज, साथीचे रोग आणि अक्षरशत्रू राहिलेली मुले हे चित्र पाहून 1911 साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. रात्रशाळा, मोफत वाचनालये, दवाखाने आणि कामगारांना कायदेविषयक साहाय्य अशी कामे लीगने हाती घेतली. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्री कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसे. शिक्षकाचे काम जोशी यांनी सोडले नव्हते. त्यांचा वर्ग तेवढा बदलला होता.

परंतु दानधर्माने आणि साक्षरतेने भागणार नाही, हे त्यांना लवकरच उमगले. ज्याला बारा बारा तास राबावे लागते, त्याने रात्रशाळेत यावे तरी कसे? कामाचे तास, मजुरी आणि नोकरीची शाश्वती यांचा प्रश्न संघटनेवाचून सुटणारा नव्हता. 31 ऑक्टोबर 1920 रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. तिच्या उभारणीत जोशी यांचा मोठा वाटा होता. पुढे 1925 पासून त्यांनी तिचे सरचिटणीसपद सांभाळले आणि 1926 साली बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियनची स्थापना केली.

त्याच सुमारास मद्रासमध्ये एक गंभीर प्रसंग घडला. बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या तंट्यात मालकांनी कामगार पुढारी बी. पी. वाडिया यांच्याविरुद्ध उच्च न्यायालयाचा मनाईहुकूम मिळवला. संघटना बांधणे हाच गुन्हा ठरू लागला, तर उद्या कोणत्याही प्रांतातील कामगाराला तोंड उघडता येणार नाही, हे जोशी यांनी ओळखले. मद्रासच्या कामगारांची भाषा त्यांना परकी होती, पण त्यांचे दुःख परके नव्हते. 1921 साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघटनांना संरक्षण देणाऱ्या कायद्याची मागणी करणारा ठराव मांडला. त्याचे फलित म्हणजे 1926 चा ट्रेड युनियन कायदा. कामगार स्त्रियांना बाळंतपणात साहाय्य मिळावे म्हणून 1924 साली त्यांनी विधेयक आणले. ते फेटाळले गेले. मात्र 1929 साली मुंबई प्रांताने तसा कायदा केला आणि त्यांनी पेरलेल्या विचाराला अंकुर फुटला.

त्यांच्या आयुष्यातील कसोटीचा काळ 1928 साली आला. मुंबईच्या गिरणीमालकांनी एकेका विणकराकडे दोनांऐवजी तीन माग देण्याची योजना पुढे केली. परिणामी हजारोंची रोजी जाणार होती आणि मजुरीतही कपात होणार होती. साम्यवादी कार्यकर्ते सार्वत्रिक संपाच्या बाजूचे होते. जोशी स्वभावाने आणि विचाराने नेमस्त होते. संप हे शेवटचे शस्त्र, तयारीवाचून ते उपसू नये, असे त्यांचे मत होते. तरीही एप्रिलअखेरीस सुमारे दीड लाख कामगार गिरण्यांबाहेर पडले, तेव्हा ते दूर उभे राहिले नाहीत. आपला सल्ला मानला गेला नाही म्हणून भुकेल्या माणसांकडे पाठ फिरवणे त्यांना मंजूर नव्हते. श्रीपाद अमृत डांगे आणि इतर साम्यवादी पुढाऱ्यांच्या बरोबरीने ते संयुक्त संप समितीत बसले. समितीने सतरा मागण्या मांडल्या, संपकऱ्यांना धान्य पुरवले आणि मालकांशी वाटाघाटी केल्या. सहा महिन्यांच्या आसपास चाललेला तो संप ऑक्टोबरमध्ये चौकशी समितीच्या आश्वासनावर मिटला.

पुढच्याच वर्षी सहानुभूतीच्या संपांवर बंधने घालणारे औद्योगिक तंट्यांचे विधेयक सरकारने मंजूर करून घेतले. जोशी यांनी त्याला कायदेमंडळात विरोध केला. मात्र त्याच 1929 साली नागपूरच्या अधिवेशनात ट्रेड युनियन काँग्रेस दुभंगली. सरकारने नेमलेल्या कामगार आयोगावर बहिष्कार घालावा, असा बहुमताचा आग्रह होता. जोशी त्या आयोगाचे सदस्य होते. कामगारांची कैफियत जेथे मांडता येईल तेथे ती मांडावी, ही त्यांची भूमिका होती. जी संस्था स्वतःच्या हातांनी उभारली, तिच्यातून सहकाऱ्यांसह बाहेर पडताना त्यांना किती वेदना झाल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी. पण त्यांनी कटुता जोपासली नाही. फूट मालकांच्या पथ्यावर पडते, हे जाणून ते ऐक्यासाठी झटत राहिले. 1938 साली नागपुरातच समेटाचा मार्ग निघाला. राजकीय प्रश्नांवरील आणि संपाबाबतचे निर्णय तीन चतुर्थांश बहुमताने घ्यावेत, असे ठरले. 1940 साली ऐक्य पूर्ण झाले आणि सरचिटणीसपद पुन्हा जोशी यांच्याकडे आले. त्याच वर्षी मतभेदांमुळे त्यांनी भारत सेवक समाजाचा निरोप घेतला. तीन दशकांचे घर त्यांनी साठी उलटल्यावर सोडले.

1948 पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर कामगार चळवळ पक्षापक्षांत पुन्हा विभागली गेली, हेही त्यांना पाहावे लागले. 30 मे 1955 रोजी त्यांचे निधन झाले.

1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांत दिवसाला बारा तास काम घेता येत असे. 1922 साली आठवड्याची मर्यादा साठ तास झाली, 1934 साली चौपन्न आणि 1946 साली अठ्ठेचाळीस. या प्रत्येक पायरीमागे असंख्य अनाम कामगारांचे संप, उपासमार आणि त्याग आहेत. जोशी यांनी त्यांचे श्रेय कधी स्वतःकडे घेतले नाही. त्यांनी त्यांचे म्हणणे कागदावर आणले, कायदेमंडळात मांडले आणि जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय परिषदांपर्यंत पोहोचवले.

आज सुटीचा दिवस, कामाचे ठरलेले तास, बाळंतपणाची रजा या गोष्टी आपणांस जन्मसिद्ध वाटतात. त्या कोणी तरी मिळवल्या आहेत, याचे भान विद्यार्थ्यांनी ठेवावे. मत भिन्न असले तरी अडचणीच्या वेळी सोबतीस उभे राहावे, आणि दुरावलेल्यांना पुन्हा एकत्र आणण्यात कमीपणा मानू नये, हा या एके काळच्या शिक्षकाने आपल्या आचरणातून दिलेला धडा आहे.