दोनदा लावलेली झाडं

शेंगदाण्याचं कूट आमच्या मेरीलँडच्या घरातून हद्दपार झालं, त्याला आता पंचवीस वर्षं होत आली. मराठी बाईच्या स्वयंपाकघरात कूट नाही म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण धाकट्याला शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली आणि डबाच्या डबा कचऱ्यात गेला.

२००१ सालचा पाडवा. म्हणजे पाडवा आठवड्याच्या मधेच कधीतरी होऊन गेलेला आणि आपला कार्यक्रम नेहमीप्रमाणे नंतरच्या शनिवारी, शाळेच्या कॅफेटेरियात. धाकटा चार वर्षांचा. काकडीची कोशिंबीर कुणीतरी प्रेमाने त्याच्या ताटात वाढली आणि मी वळून बघेपर्यंत त्याने दोन घास खाल्ले होते. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वासाची शिट्टी वाजायला लागली. पर्समधलं एपिपेन काढून मी ते त्याच्या मांडीत कसं टोचलं, मला आजही आठवत नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मात्र पोराच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता.

पुढच्या रविवारी वॉशिंग्टनला टायडल बेसिनवर चेरीची फुलं बघायला जायचं आधीच ठरलं होतं. पुरीभाजीचा डबा घेऊन गेलो. फुलांनी लगडलेल्या झाडाखाली चादर पसरली, आणि मुलगा पाकळ्या गोळा करत पळत होता तेव्हा मी पहिल्यांदा पोटभर रडून घेतलं.

ही गोष्ट आज सांगायचं कारण असं, की बऱ्याच वर्षांनी हाच मुलगा कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकत असताना त्याचा एक दिवस फोन आला. त्या पेनातलं औषध ज्याने पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं आणि ती झाडं ज्याच्या पैशाने आली, तो माणूस एकच होता म्हणे! मला खरं वाटेना. मग मी लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि वाचतच गेले. त्या माणसाचं नाव जोकिची ताकामिने.

ताकामिने जन्मले ३ नोव्हेंबर १८५४ ला, जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडल्या ताकाओका गावी. त्याच वर्षी अमेरिकेच्या कमोडोर पेरीने आरमाराच्या धाकावर जपानशी करार करून घेतला होता. दोनशेहून अधिक वर्षं बंद ठेवलेलं दार नुकतंच किलकिलं झालेलं. वडील कानाझावाच्या मायदा सरदारांकडे वैद्य, त्यांना डच विद्या अवगत होती. आईचं माहेर साके गाळणाऱ्यांचं. साके म्हणजे तांदळाची दारू. ती करताना वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी धरवतात. आपल्याकडे जसं विरजण, तसं तिकडे कोजी. मिसो, सोया सॉस, साके, सगळ्याच्या मुळाशी तीच. हे विरजण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुलगा हुशार म्हणून अकरा-बारा वर्षांचा असतानाच त्याला परकी विद्या शिकायला नागासाकीला धाडलं. पुढे क्योतो, ओसाका, तोकियो असं करत १८७९ साली त्यांनी इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेतली आणि सरकारने निवडून ग्लासगोला पाठवलं. त्या काळी जपानने अशी कितीतरी मुलं बाहेर पाठवली. जा, शिका आणि परत या. ते परतलेही, १८८३ साली, आणि सरकारी नोकरीला लागले.

१८८४ साली न्यू ऑर्लिन्सला कापसाचं मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. जपानच्या दालनाचं काम बघायला ताकामिने आले आणि तिथे त्यांना कॅरोलाइन हिच भेटली. अठरा वर्षांची, दक्षिणेतली गोरी मुलगी. १८८७ साली दोघांनी लग्न केलं. तो काळ डोळ्यांसमोर आणा! मधुचंद्राच्या प्रवासात नवरदेव साउथ कॅरोलायनाच्या फॉस्फेट खताचे कारखाने बघत हिंडले. (इंजिनिअर नवऱ्यांच्या बायकांना यात काही नवल वाटणार नाही.) तोकियोत त्यांनी कृत्रिम खताची कंपनी उभी केली, दोन मुलगे झाले. पण कॅरोलाइनचं मन तिथे रमेना, आणि ताकामिनेंच्या डोक्यात आईच्या माहेरचं विरजण घोळत होतं.

अमेरिकेत व्हिस्की करताना धान्यातल्या पिष्टाची साखर करायला मोड आणलेलं बार्ली, म्हणजे माल्ट, वापरत. ते काम कोजी अधिक चांगलं करील असा त्यांचा हिशोब. १८९० साली बायको आणि मुलांना घेऊन ते आले. मुक्काम इलिनॉयमध्ये, आधी शिकागो आणि मग पिओरिया. तांदळाऐवजी त्यांनी गव्हाच्या कोंड्यावर कोजी धरवली, प्रयोग जमला. पण माल्ट करणाऱ्यांचा धंदा बसणार होता, ते कसे गप्प बसतील? विरोध सुरू झाला. १८९१ साली कारखाना जळाला. पुढे व्हिस्की ट्रस्टच मोडीत निघाला. ताकामिनेंना यकृताचा गंभीर आजार झाला. परका देश, नोकरी नाही, पदरी दोन लहान मुलं. आपल्यातल्या ज्यांनी एच-वनवर असताना नोकरी गेल्याचे दिवस काढलेत, त्यांना या पानावर थोडं थांबावंसं वाटेल.

त्याच कोजीतून त्यांनी पचनाला मदत करणारं औषध काढलं, टाका-डायस्टेज. १८९४ साली पेटंट मिळालं, डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीने ते बाजारात आणलं आणि घरात पैसा आला. कुटुंब न्यूयॉर्कला गेलं. तिथल्या प्रयोगशाळेत १९०० च्या उन्हाळ्यात कत्तलखान्यातून आणलेल्या जनावरांच्या ग्रंथींमधून शुद्ध, स्फटिकरूप ॲड्रिनलिन हाती आलं. शरीरातलं कुठलंही हॉर्मोन असं शुद्ध मिळाल्याचं हे जगातलं पहिलं उदाहरण. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. प्रयोगशाळेतलं प्रत्यक्ष हातांचं काम केइझो उएनाका या तरुण सहाय्यकाचं होतं आणि पेटंटवर नाव एकट्या ताकामिनेंचं. मोठी माणसं सगळीच मोठी नसतात. इथल्या डॉक्टरांच्या तोंडी आजही एपिनेफ्रिन हा शब्द असतो, कारण ॲड्रिनलिन हे पार्क-डेव्हिसने व्यापारी नाव केलं होतं. पेनात असतं ते हेच.

आता झाडांकडे येते, कारण माझा जीव खरा तिथे अडकलाय.

साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, हा जपान्यांचा नुसता देखावा नव्हे, सण आहे. हानामी म्हणजे फुलं बघणं. पण बघण्यापुरतं नाही. झाडाखाली चटया अंथरायच्या, डबे उघडायचे, साके घ्यायची, गाणी म्हणायची. आठ-दहा दिवसांत सगळं संपतं, वारा-पाऊस आला तर त्याहून लवकर, आणि त्या संपण्यातच त्यांना गोडी. आपली चैत्रगौर नेमकी याच दिवसांत झोपाळ्यावर बसते. आंब्याची डाळ, पन्हं, बायकांची ये-जा. इथे कैरी मिळते फ्रोझन आणि कडुनिंबाचा पाला मिळायला इंडियन ग्रोसरीच्या मालकाशी ओळख लागते, हा भाग सोडा.

एलायझा सिडमोर या प्रवासी लेखिकेने जपानात हा बहर पाहिला आणि १८८५ पासून ती वॉशिंग्टनच्या सरकारी अधिकाऱ्यांच्या मागे लागली, की पोटोमॅकच्या काठी ही झाडं लावा. चोवीस वर्षं कुणी दाद दिली नाही. १९०९ साली तिने राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्या पत्नी हेलन यांना लिहिलं. त्या स्वतः जपानात राहिलेल्या, त्यांनी लगेच होकार दिला. दुसऱ्याच दिवशी, ८ एप्रिलला, ताकामिने वॉशिंग्टनमध्ये होते. ही हकीकत कळताच त्यांनी दोन हजार झाडं द्यायची तयारी दाखवली. बरोबर असलेले जपानी कॉन्सल मिझुनो यांनी सुचवलं, की देणगी तोकियो शहराच्या नावाने द्यावी. ताकामिनेंनी मान्य केलं.

दोन हजार झाडं ६ जानेवारी १९१० ला वॉशिंग्टनला पोचली. शेतीखात्याच्या माणसांनी तपासली तर किडीने आणि मुळांतल्या कृमींनी पोखरलेली. २८ जानेवारीला राष्ट्राध्यक्षांनी ती जाळायला मंजुरी दिली. हे साल लक्षात घ्या. सॅन फ्रान्सिस्कोने १९०६ साली जपानी मुलांना वेगळ्या शाळेत घालायचं ठरवलं होतं, पाठोपाठ जपानी मजुरांच्या येण्यावर बंधनं आली होती. अशा दिवसांत पाहुण्याने आणलेली भेट राजधानीत जाळली गेली. वकिलातींचा जीव टांगणीला लागला असणार. पण तोकियोचे महापौर युकिओ ओझाकी आणि ताकामिने, दोघांनी ते मनाला लावून घेतलं नाही. ताकामिनेंनी पुन्हा खर्च उचलला. तोकियोच्या आराकावा नदीकाठच्या नामांकित झाडांच्या फांद्या घेऊन निरोगी खोडांवर कलमं बांधली, वर्षभर जपली, आणि १४ फेब्रुवारी १९१२ ला योकोहामाहून बोट निघाली. बारा जातींची ३,०२० झाडं. २७ मार्चला हेलन टॅफ्ट आणि जपानी राजदूतांच्या पत्नी श्रीमती चिंदा यांनी पहिली दोन लावली. न्यूयॉर्कला ग्रँटच्या समाधीजवळ, आज साकुरा पार्क म्हणतात त्या भागात, त्याच वर्षी लावलेली झाडंही तिथल्या जपानी रहिवाशांची भेट.

ताकामिनेंनी न्यूयॉर्कमध्ये निप्पॉन क्लब काढला, १९०५ साली, म्हणजे त्यांचं मंडळच म्हणा. रिव्हरसाइड ड्राइव्हवरच्या घराचे दोन मजले जपानी पद्धतीने सजवले. १९०४ च्या सेंट लुइस प्रदर्शनातली जपानी वास्तू उचलून न्यूयॉर्कच्या डोंगरात नेऊन उभी केली. पाहुणे यावेत, बसावेत, आपण काय आहोत ते त्यांना दिसावं. ओळखीची वाटते ना ही धडपड?

आणि एवढं करून हा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नव्हता. नागरिकत्व फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना, असा कायदा. बायको इथली, कारखाने इथे, हयातीतली तीसेक वर्षं इथे, पण मेले ते परके म्हणूनच, २२ जुलै १९२२ ला. त्यानंतर चार महिन्यांनी सुप्रीम कोर्टाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाला गोरा नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं, आणि फेब्रुवारी १९२३ मध्ये आपल्या भगतसिंग थिंद यांनाही. आपल्यासाठी ते दार १९४६ साली उघडलं, जपान्यांसाठी १९५२ साली.

झाडांनीही पुढे बरंच सोसलं. डिसेंबर १९४१ मध्ये, पर्ल हार्बरनंतर, चार झाडं कुणीतरी रात्रीतून कापली. युद्धभर त्यांना जपानी म्हणायचं नाही, ओरिएंटल म्हणायचं, असा शिरस्ता पडला. माणसांना तर छावण्यांत डांबलं. इकडे आराकावाकाठची मूळ झाडंही युद्धात हेळसांड होऊन गेली. १९५२ साली तोकियोने मदत मागितली आणि वॉशिंग्टनहून फांद्या परत गेल्या. लेकी माहेरी जाव्यात तशा.

कॅरोलाइनने पुढे ॲरिझोनातल्या एका रँचरशी लग्न केलं. तिथल्या वेल गावी तिने ताकामिनेंच्या स्मरणार्थ एक छोटं चर्च बांधलं, ते अजून आहे.

त्यांची समाधी ब्रॉन्क्सच्या वुडलॉन दफनभूमीत आहे. मागच्या एप्रिलमध्ये धाकट्याबरोबर जाऊन आले. तो आता सहा फूट उंच, खांद्याच्या पिशवीत दोन एपिपेन कायम. समाधीच्या खिडकीच्या रंगीत काचेत फुजी पर्वत आहे. आम्ही फुलं ठेवली, चपला काढायच्या की नाही यावर कुजबुजत वाद घातला आणि शेवटी काढल्या. मग गाडी घेऊन साकुरा पार्कला आलो, पार्किंगसाठी पाऊण तास फिरलो, आणि एकदाचे झाडाखाली बसलो. डब्यात साबुदाण्याची खिचडी होती, बिनकुटाची, काजूची भरड घातलेली. कशी लागते ते विचारू नका. पोराने दोनदा मागून घेतली.